साहेबांचा घसा

आमदारसाहेबांच्या कार्यालयातल्या टायपिस्टना सगळे घसाभाऊ म्हणत. खरं नाव हजेरीपत्रकावर होतं आणि तिथून ते फारसं बाहेर पडत नसे. बुटका, हडकुळा माणूस. शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं, खिशात दोन पेनं, त्यातलं एक न चालणारं. रस्त्यात कुणी हाक मारली तर आपल्यामागे दुसरं कोणी उभं असणार अशा खात्रीने ते मागे वळून बघत. पण याच माणसाने फोन कानाला लावून नुसतं ‘बोला’ म्हटलं, की पलीकडचा माणूस बसलेला असला तर उठून उभा राहायचा.

त्याचं असं झालं. चौदा वर्षांपूर्वी पहिली निवडणूक लढवताना साहेब इतके ओरडले, की निकालाच्या दिवशी त्यांचा घसा साफ बसला. डॉक्टरांनी पंधरा दिवस तोंड बंद ठेवायला सांगितलं. आता नव्या आमदाराने पंधरा दिवस फोन घेतला नाही तर लोक काय म्हणतील? निवडून आला आणि डोक्यात हवा गेली. घसाभाऊ तेव्हा नुकतेच कार्यालयात टायपिस्ट म्हणून लागले होते. त्याआधी ते बसस्थानकावर घोषणा करायचे. ‘फलाट क्रमांक चारवर लागलेली गाडी’ हे शब्द ते अशा काही आवाजात म्हणत, की ज्यांना कुठेच जायचं नाही ते लोकही पिशवी उचलून फलाट चारकडे निघत. साहेबांनी एका चिठ्ठीवर लिहिलं, ‘पंधरा दिवस फोनवर तू म्हणजे मी,’ आणि चिठ्ठी त्यांच्यापुढे सरकवली.

पंधरा दिवसांनी साहेबांचा घसा मोकळा झाला आणि पंचाईत लक्षात आली. साहेबांचा मूळचा आवाज बारीक आणि चिरका होता. रागावले की तो आणखी वर चढायचा आणि बिजागरीला तेल हवंय असं वाटायचं. इकडे मतदारसंघात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच. “साहेब फोनवर काय बोलतात हो! काम झालं नाही तरी माणसाला बरं वाटतं.” साहेब राजकारणी होते, खुळे नव्हते. त्यांनी गळ्याला मफलर गुंडाळला तो कायमचा. सभेत ते नुसता हात हलवत, आणि भाषण आधी रेकॉर्ड केलेलं, घसाभाऊंच्या आवाजातलं, कर्ण्यावरून वाजे. विधानसभेत चौदा वर्षं त्यांनी मतदानापुरता हात वर केला. त्याबद्दल वर्तमानपत्रांनी त्यांना मितभाषी आणि अभ्यासू ठरवलं. लोक घशासाठी मध, काढे, लेप पाठवत. ते ठेवायला कार्यालयात वेगळं कपाट करावं लागलं.

फोनचे काही नियम होते, आणि ते साहेबांनीच घालून दिले होते. ‘कोण बोलतंय?’ असं विचारायचं नाही, कारण साहेबांनी आवाज ओळखला असं समोरच्याला वाटलं पाहिजे. ‘कसलं काम?’ हेही विचारायचं नाही, कारण साहेबांना ते आठवत असतंच. आणि ‘नाही’ तर चुकूनही म्हणायचं नाही. घसाभाऊंनी हे नियम असे पाळले, की दुसऱ्या कुणी उपासही इतक्या निष्ठेने पाळले नसते. एकदा एका बाईने लाँड्रीऐवजी चुकून इथे फोन लावला आणि ‘माझे पडदे कधी देताय?’ म्हणून फैलावर घेतलं. घसाभाऊंनी तिची माफी मागितली, लाँड्री शोधून काढली आणि दुपारी पडदे स्वतः नेऊन पोचवले. त्या बाईंनी पुढे कधी दुसऱ्याला मत दिलं नाही.

अशातच एका बुधवारी सकाळी फोन वाजला.

“साहेब, सामान आलंय. कुठे उतरवू?”

सामान म्हणजे शाळांना वाटायची शिलाई यंत्रं असतील, नाहीतर वाचनालयाची पुस्तकं, असं घसाभाऊंना वाटलं. विचारायची सोय नव्हतीच. दुसरा फोन खणखणायला लागला होता.

“घरीच उतरवा,” ते म्हणाले. “मागच्या खोलीत. सांभाळून हं, ओल लागायला नको.”

“बरं साहेब.”

“आणि पुढच्या वेळी एवढा उशीर करू नका.”

“चुकलं साहेब.”

“असू द्या. जेवून जा.”

सामान म्हणजे नशेच्या गोळ्या होत्या. चार खोके. पोलीस त्या माणसाचा फोन दोन महिने ऐकत होते. तिसऱ्या दिवशी साहेबांच्या घरावर छापा पडला आणि मागच्या खोलीत, प्रचाराच्या जुन्या झेंड्यांमागे, चारही खोके सापडले. राज्याच्या व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्ष साहेबच होते. त्यामुळे एका हवालदाराला आधी वाटलं, आपण चुकून समितीच्या प्रदर्शनातच शिरलोय.

साहेब निर्दोष होते का? छे! खोके त्यांचेच होते आणि व्यवहारही त्यांचाच. समोरासमोर बसून, न बोलता चिठ्ठ्यांवर ठरवलेलं सगळं त्या शहाण्याने शेवटच्या घटकेला फोनवर विचारलं, एवढाच काय तो घोटाळा.

पोलीस ठाण्यात निरीक्षकांनी रेकॉर्डिंग लावलं. साहेब ऐकून बारीक आवाजात किंचाळले, “हा आवाज माझा नाही! माझ्या कार्यालयातल्या माणसाचा आहे!”

“आवाज बदलून बोलू नका,” निरीक्षक म्हणाले.

मग साहेबांच्या आवाजाचा नमुना घ्यायचं ठरलं. भिंतींना गाद्या लावलेल्या एका छोट्या खोलीत त्यांना बसवून झाडे लावण्याच्या महत्त्वावरचा उतारा वाचायला दिला. साहेबांनी वाचला. निरीक्षक म्हणाले, “आता खऱ्या आवाजात.” साहेबांनी पुन्हा वाचला. असं अकरा वेळा झालं. अकराव्या खेपेला बिचाऱ्यांचा घसा इतका खरवडला गेला, की आवाज आपोआप खाली उतरला. ‘आरोपीने मनावर घेतल्यावर साम्य वाढते,’ असा शेरा अहवालात पडला, आणि तपासात अडथळा आणल्याचं एक कलम वर लागलं. साहेबांच्या पत्नीला बोलावून रेकॉर्डिंग ऐकवलं, तेव्हा त्यांनी डोळ्यांना पदर लावला. “हेच ते,” त्या म्हणाल्या. “फोनवर असेच गोड बोलतात. घरी आले की तोंडातून अक्षर फुटत नाही.”

घसाभाऊंनी तो आवाज ऐकला दूरदर्शनच्या बातम्यांत, घरी भाजी निवडताना. ‘जेवून जा’ हे शब्द तर तीनदा वाजवले. त्यांची बायको पोस्टात तिकिटांच्या खिडकीवर होती. अठ्ठावीस वर्षं लोकांना ‘पुढची खिडकी’ सांगून तिच्या बोलण्यात फालतू शब्द उरला नव्हता. तिने दूरदर्शन बंद केलं.

“हे तुम्ही बोललात?”

“हो.”

“कुणाशी?”

“विचारलं नाही.”

“कशाबद्दल?”

“तेही नाही विचारलं.”

“पण जेवायला बसवलंत.” बायकोने कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्या दिवशी ती एका वकिलाला गाठून आली आणि चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, “दहा वर्षं. दहा! हा आवाज तुमचा ठरला तर सामान तुम्ही मागवलंत असं होतं. साहेब नामानिराळे, तुम्ही आत. पोरीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष राहिलंय. या घरात आता तुम्ही तोंड उघडायचं नाही. बाहेर तर नाहीच नाही.”

त्याच दुपारी तिने नवऱ्याला घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. चौदा वर्षं रोज आठ तास दुसऱ्याच्या आवाजात बोलून घशाची व्हायची ती दुर्दशा झालीच होती, त्यामुळे डॉक्टरांना खोटं काही लिहावं लागलं नाही. तीन महिने पूर्ण मौन, असं पत्र मिळालं. आता घसाभाऊंच्याही गळ्याला मफलर आला आणि हातात लेकीची शाळेतली पाटी आली. साहेबांच्या वकीलबाई घरी आल्या. “तुम्ही न्यायालयात दोन वाक्यं बोला, साहेब सुटतील,” म्हणाल्या. घसाभाऊंनी पाटीवर लिहिलं, ‘आणि मी?’ वकीलबाई म्हणाल्या, “तुमच्यासाठीही चांगला वकील बघू ना.” बायकोने दार उघडून धरलं आणि “पुढची खिडकी” म्हणून त्यांना वाटेला लावलं.

मला विचाराल तर घसाभाऊ घाबरट होते, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तुरुंगाचं नाव काढलं की ते उठून दाराची कडी लावून येत. पण त्याहून जास्त त्यांना छळत होती ती शांतता. सकाळचे दहा वाजले की त्यांचा उजवा हात आपोआप टेबलावर सरकायचा आणि तिथे फोन नसायचा. कार्यालयाला टाळं होतं. फोन आत वाजत असणार, आणि लोक पलीकडे रिसीव्हर धरून उभे असणार, या विचाराने त्यांना अन्न गोड लागेना.

आवाज कुणाचा, एवढ्या एका मुद्द्यावर न्यायालयात सुनावणी लागली. वकीलबाईंनी घसाभाऊंना बोलायला लावायचा अर्ज केला होता. न्यायाधीशांनी डॉक्टरांचं पत्र दोनदा वाचलं आणि तूर्त हजर राहा, इतकंच सांगितलं. सरकारी वकील म्हणाले, साक्षीदारांनी आज आवाज ओळखला की या गृहस्थांची गरजच उरणार नाही. म्हणजे एक दिवस गप्प बसायचं आणि सुटायचं. बायको त्यांना खेटून तिसऱ्या बाकावर बसली. “संध्याकाळी घरी गेल्यावर न्हाणीघरात दार लावून काय हवं ते बोला,” ती कानाशी म्हणाली. “पण इथे हूं की चूं नाही.”

मतदारसंघातून साहेबांच्या मदतीला दोन ट्रक भरून माणसं आली होती. साहेबांसाठी जीव टाकणारी माणसं. सरकारी वकिलांनी त्यांनाच साक्षीदार केलं आणि ती आनंदाने पिंजऱ्यात चढली. रेकॉर्डिंग वाजलं की एकेकाचा चेहरा उजळायचा.

“आमचे साहेबच! दुसरं कोण?”

“माझा मुलगा नापास होऊन घर सोडून निघाला होता, त्याला या आवाजाने माघारी आणला. हा आवाज दुसऱ्याचा निघाला तर माझी जीभ छाटा.”

“माझे पडदे यांनीच परत मिळवून दिले.”

साक्ष झाली की प्रत्येक जण आरोपीच्या पिंजऱ्यातल्या साहेबांकडे बघून ‘काळजी करू नका’ अशी मान हलवायचा. साहेब प्रत्येक साक्षीला इंचभर खाली जात होते. दुपारपर्यंत कठड्यावर नुसता मफलर दिसत होता.

शेवटची साक्षीदार होती एक म्हातारी. हातात काठी, अंगावर जाड शाल. घसाभाऊंनी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. पण ती “चढते हो मी, धरू नका” असं शिपायाला म्हणाली, आणि घसाभाऊ बाकावर ताठ झाले. हा आवाज ते हजारांत ओळखणार होते. आठ वर्षांपूर्वी या आजींनी गल्लीतल्या दिव्यासाठी फोन केला होता. दिवा लागला, तरी त्यांचा फोन चालू राहिला. दर मंगळवारी अकरा वाजता. “काही काम नाही हं साहेब, सहज,” असं म्हणून गुडघे, मांजर, शेजारणीचा रेडिओ सगळं सांगून व्हायचं. आजोबा गेले त्या मंगळवारीही फोन आला होता. त्या दिवशी आजी एक अक्षर बोलल्या नाहीत. तासभर नुसता श्वास ऐकू येत होता, आणि घसाभाऊ बाकीचे सगळे फोन वाजू देऊन मधूनमधून एवढंच म्हणत होते, “आहे मी, आजी. आहे मी.”

सरकारी वकिलांनी रेकॉर्डिंग लावलं. ‘जेवून जा’ ऐकून आजी हसल्या. “हो, हेच. हे असेच बोलतात.”

वकीलबाई उठल्या. “आजी, हे समोर साहेब आहेत. साहेब, आजींशी बोला.”

साहेब कठड्याआडून वर आले. “आजी,” ते चिरकले, “मीच तुमचा आमदार.”

आजींनी कपाळाला आठ्या घातल्या. “हे कोण?”

“हेच साहेब.”

“हे? छे!”

“लिहून घ्या!” वकीलबाई लघुलेखकाकडे वळून ओरडल्या. “साक्षीदाराने आवाज नाकारला!”

पण आजींचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या पिंजऱ्याचा कठडा धरून भराभर बोलत सुटल्या होत्या. “हे साहेब, तर मग ते कोण? ते कुठे आहेत? तीन मंगळवार झाले, फोन नुसता वाजतोय. मला वाटलं, पोलिसांनी नेलं म्हणून उचलत नाहीत, आज इथे भेटतील. तर हे भलतेच! मग त्यांचं काय झालं? गेले का ते? अहो, गेले असतील तर सांगा ना. मला कुणी कळवलंसुद्धा नाही हो!”

आणि आजी रडायला लागल्या. न्यायाधीशांनी हातोडा उचलला आणि कुणावर आपटावा ते न कळून खाली ठेवला. सरकारी वकील पाणी आणा म्हणाले. वकीलबाई कागद चाळू लागल्या. ते जिवंत आहेत हे आजींना सांगू शकेल असा त्या दालनात एकच माणूस होता.

घसाभाऊंनी घाईघाईने पाटीवर ‘जिवंत आहे’ असं लिहून पाटी उंच धरली. बायकोने ती खाली ओढली. त्यांनी पुन्हा वर धरली. न्यायाधीशांनी वाचली, निरीक्षकांनी वाचली, दारातल्या शिपायाने वाचली. आजींनी डोळे किलकिले केले. “चष्मा घरी राहिलाय हो,” त्या हुंदका देत म्हणाल्या, “काय लिहिलंय? तारीख लिहिलीये का? कधी गेले?”

घसाभाऊंनी बायकोकडे पाहिलं. तिने डोळ्यांनी सांगितलं, नाही. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती, आणि ती त्यांना सगळी दिसली. पाटी मांडीवर ठेवून ते उभे राहिले.

“आहे मी, आजी,” ते म्हणाले. “आहे मी.”

तो आवाज दालनाच्या भिंतींना लागून परत आला आणि दोन ट्रकभर माणसं एकदम उठून उभी राहिली. लघुलेखक उभा राहिला. निरीक्षकही उभे राहिले, आणि का उभे राहिलो हे कळायला त्यांना एक क्षण लागला. “बघा! बघा! मी सांगत होतो ना!” साहेब पिंजऱ्यात उड्या मारत किंचाळले. चौदा वर्षांत जाहीर ठिकाणी त्यांनी उच्चारलेलं हे पहिलंच भाषण होतं, आणि ऐकायला कुणालाही सवड नव्हती.

आजींनी आवाजाच्या रोखाने पाहिलं. मफलर गुंडाळलेला, वरचं बटण लावलेला माणूस.

“एवढासा?” त्या म्हणाल्या.

“हो, आजी.”

“बरे आहात ना?”

“बरा आहे.”

एव्हाना निरीक्षक बाकांच्या रांगेतून वाट काढत आले आणि त्यांनी घसाभाऊंचा दंड धरला. तसा हळूच धरला, मोठ्या माणसाचा धरतात तसा. न्यायाधीशांनी विचारलं, आपण काय बोललात त्याचा अर्थ कळतोय ना? घसाभाऊ म्हणाले, कळतोय. आजींना मात्र एवढंच कळलं, की यांना कुठेतरी नेताहेत.

“मग आता मंगळवारी मी फोन कुठे करू?” त्यांनी विचारलं.

घसाभाऊंनी निरीक्षकांकडे पाहिलं, निरीक्षकांनी छताकडे.

तेव्हा त्यांची बायको उठली. दालनातल्या सगळ्यांना वाटलं, आता ही नवऱ्यावर तुटून पडणार, आणि ती पडली असती तरी तिला कुणी बोल लावला नसता. तिने नाक पुसलं आणि आजींना घरचा नंबर सांगितला, पोस्टाच्या खिडकीवर सांगतात तसा, एकेक आकडा सुटा करून. आजींनी तो पाठ म्हणून दाखवला. लघुलेखकाने साक्ष समजून लिहून घेतला.

“सातनंतर करा,” बायको म्हणाली. “त्याआधी मी कामावर असते. आणि मला यांच्यासारखं बोलता येत नाही. आधीच सांगते.”

“चालेल गं,” आजी म्हणाल्या. “बोलते मीच. तू नुसतं ‘आहे’ म्हण.”